बिनखुणेची बाटली विकू देऊ नका

प्रति,
गॅस सिलिंडरच्या सुरक्षेचे नियम करणारे, ते राबवणारे आणि सिलिंडर भरून घरोघर पोहोचवणारे सर्व अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

पुण्यात गेली २२ वर्षे मी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. बर्नर साफ करणे, जेट बदलणे, चाव्यांना ग्रीस लावणे, जुनी नळी काढून नवी बसवणे, हे माझे रोजचे काम. पेठांमधले वाडे, कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांच्या खोल्या, चहाच्या टपऱ्या, बांधकामावरच्या पत्र्याच्या चाळी, सगळीकडे माझे जाणे असते. पत्र लिहिण्याची मला सवय नाही. पण अर्ज देऊन झाले, त्यांना उत्तरेही आली, आणि ती उत्तरे वाचल्यावर गप्प बसवेना म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे.

विषय एका छोट्या बाटलीचा आहे. दोन, तीन, फार तर पाच किलो गॅस मावेल एवढी लोखंडी बाटली, तिच्या डोक्यावर थेट बर्नर. ना रेग्युलेटर, ना नळी. भांड्यांच्या दुकानाबाहेर कढया आणि कुकरच्या शेजारी ती टांगलेली असते. शिकायला आलेली मुले घेतात, मजूर घेतात, वडापावची गाडी लावणारे घेतात. नव्या शहरात आलेल्या माणसाची पहिली खरेदी बऱ्याचदा हीच असते. गादी, बादली आणि ही बाटली.

माझा भाचा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात होता. तीन मुलांत एक खोली, तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. मेस परवडेना तेव्हा तिघांनी वर्गणी काढून अशी बाटली आणली. मी त्याला बोललो होतो. तो म्हणाला, "मामा, सगळ्यांकडे हीच आहे." ते खरेही होते.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी त्याने बाटली भरून आणली. ज्या दुकानात ती भरली ते मी नंतर जाऊन पाहिले, म्हणून सांगू शकतो. आतल्या खोलीत घरगुती लाल टाकी एका घोडीवर उलटी केलेली. तिच्या तोंडातून हातभर नळी खाली आलेली. खाली प्लास्टिकच्या टबात बर्फाचे पाणी आणि त्यात गिऱ्हाइकाची बाटली. बाटली गार पडली की तिच्यातला दाब कमी होतो आणि गॅस भराभर उतरतो, म्हणून बर्फ. भरणारा पोरगा सोळा-सतरा वर्षांचा असेल. वजनकाटा कोपऱ्यात होता, पण मी उभा होतो तेवढ्या वेळात त्याने तो एकदाही वापरला नाही. बाटली उचलून, हलवून, कानाशी नेऊन तो म्हणायचा, "फुल झाली." गिऱ्हाईक खूश. पैसे मोजले त्याचा पुरेपूर गॅस मिळाला, असे त्याला वाटते.

घात इथेच होतो. हे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही, पण कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपल्या घरातल्या मोठ्या टाकीत ३३.३ लिटर पाणी मावते. तिच्यात गॅस भरतात तो १४.२ किलोच. आत तो द्रवरूपात असतो आणि साधारण २६ लिटर जागा व्यापतो. उरलेली पाचव्या हिश्श्याएवढी जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, कारण हा द्रव तापला की फुगतो, आणि पाण्याच्या जवळपास दहा पट फुगतो. मोकळी जागा असली तर तो तिच्यात फुगतो. बाटली काठोकाठ भरलेली असली तर त्याला जायला जागा नसते. द्रव दाबला जात नाही, मग पत्र्याला किंवा व्हॉल्व्हला वाट द्यावी लागते. बर्फाच्या पाण्यात काठोकाठ भरलेली बाटली मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली नेऊन ठेवणे म्हणजे काय, याचा विचार करा.

दुपारी दोनच्या सुमारास त्याचा फोन आला. "मामा, बाटलीचा वास येतोय. थोडासाच." मी एका घरी शेगडी खोलून बसलो होतो. मी म्हणालो, "खिडकी उघड, बाटलीला हात लावू नकोस, संध्याकाळी येतो." माझ्या आयुष्यातली ही एवढी वाक्ये मला परत घेता आली असती तर! त्याला मी "पायऱ्या उतरून खाली ये, खोलीत कोणाला जाऊ देऊ नकोस" असे सांगायला हवे होते. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो खिडकीतून वर निघून जात नाही, फरशीवर पसरतो. कॉटखाली, दप्तरांखाली, उंबऱ्यापर्यंत साचत राहतो. हवेत शंभरात दोन भाग गॅस झाला तरी पेट घ्यायला पुरतो. भाचा खिडकी उघडून कॉटवर वाचत बसला. त्याचा जोडीदार बाहेरून आला, घामाघूम झालेला, आणि त्याने पंख्याचे बटण दाबले.

दोघेही वाचले. भाच्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि चेहऱ्याची उजवी बाजू भाजली. २१ दिवस इस्पितळात होता. परीक्षेच्या दिवशी त्याची बोटे पट्टीत होती.

पोलिसांनी पंचनामा करून ती बाटली नेली. मी आठवड्याभराने जाऊन तशीच दुसरी विकत घेतली, कोरी, रिकामी. दुकानदाराने हसतमुखाने कागदात गुंडाळून दिली. घरी आणून कामाच्या टेबलावर व्हॉल्व्ह सुटा केला. आत काय होते? एक पितळी दांडा, एक साधा रबरी वॉशर आणि वर घट्ट करायची टोपी. एवढेच. आपल्या घरगुती टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग असते. रेग्युलेटर काढला की आतली पिन वर येते आणि तोंड आपोआप बंद होते. इथे स्प्रिंग नाही. दाब वाढला तर तो थोडा थोडा बाहेर सोडणारी सुरक्षा झडप नाही. किती भरले ते कळण्याची कसलीही सोय नाही. आणि वॉशर साध्या रबराचा. साधे रबर या गॅसमध्ये फुगते, मऊ पडते. म्हणूनच गॅसच्या कामात नायट्राइल रबर वापरतात, हे माझ्या धंद्यातला उमेदवारी करणारा पोरगाही सांगेल. बाटली मी चहूबाजूंनी फिरवून पाहिली. रिकामे वजन किती, पाणी किती मावते, चाचणी कधी झाली, पुढची कधी, बनवणाऱ्याचे नाव काय, आयएसआयची खूण कुठे? एक अक्षर नाही, एक आकडा नाही. फक्त रंग आणि फुलाचे स्टिकर.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. १८८४ च्या स्फोटके कायद्याखाली २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत. मान्यता मिळालेल्या प्रकारचा आणि प्रमाणित सिलिंडरच भरायचा, त्याचा व्हॉल्व्हही प्रमाणित असला पाहिजे, असे ते सांगतात. ही मान्यता देणाऱ्या, केंद्र सरकारच्या पेसो या संस्थेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. छोट्या सिलिंडरसाठी आणि त्यांच्या व्हॉल्व्हसाठी वेगळी भारतीय मानके आहेत. एका टाकीतून दुसरीत परस्पर गॅस काढणे हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे. कागदावर सगळे आहे. माझ्या टेबलावरची बाटली मात्र या सगळ्यातून सहीसलामत पार पडून दुकानात पोहोचली होती.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की जी बाटली या देशात कायदेशीरपणे कुठेच भरून मिळू शकत नाही, ती उघड विकली जाते. हे नीट लक्षात घ्या. बिनखुणेच्या, मान्यता नसलेल्या बाटलीत गॅस भरण्याचा परवाना कोणत्याही प्लांटला नाही, कोणत्याही एजन्सीला नाही. ती भरली जाईल तर चोरूनच. म्हणजे ती विकत घेणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण पहिल्या दिवसापासून त्या आतल्या खोलीच्या दाराशी नेऊन उभे करतो. विकणारा उजेडात बसतो, भरणारा अंधारात, आणि जाळ लागतो तो भरून घेणाऱ्याला.

मी अर्ज केले तेव्हा एका कार्यालयाने कळवले की बेकायदा गॅस भरणे हा आमचा विषय, बाटलीची विक्री नव्हे. दुसऱ्याने कळवले की मानकाची खूण खोटी मारली असेल तर आम्ही बघू, पण खूणच नसेल तर तक्रार कशाची? तिसऱ्याने अर्ज पहिल्याकडे पाठवला. कोणत्या कार्यालयाने काय लिहिले ते मी इथे सांगणार नाही. टेबलामागच्या माणसांवर माझा राग नाही, त्यांनी आपापल्या चौकटीत उत्तर दिले. पण तीन चौकटींच्या मधल्या फटीतून ही बाटली निसटते आणि ती फट बुजवणे कोणाचेच काम नाही, हे मला पटत नाही.

दुसरी तक्रार कारवाईच्या पद्धतीबद्दल. छापा पडतो तो भरणाऱ्यावर. बातमी येते, "इतक्या टाक्या, वजनकाटा, मोटार जप्त." दोन गल्ल्या सोडून दुसरीकडे टब मांडला जातो. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ताथवड्यात टँकरमधून चोरून टाक्या भरताना आग लागली, एकामागून एक टाक्या फुटल्या, शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. मुले बसमध्ये असण्याची वेळ नव्हती म्हणून आपण वाचलो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मदुराईत उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात, यात्रेकरूंनी चोरून आणलेल्या सिलिंडरमुळे ९ माणसे गेली. दर वेळी चार दिवस धरपकड होते. धरपकड हवीच. पण मागणी जिथून तयार होते ते दुकान तसेच राहते, आणि जोवर लाखो हातांत या बाटल्या आहेत तोवर त्या भरून देणारा कोणीतरी उभा राहणारच.

इथे एक दूरचे उदाहरण देतो, कारण ते माझ्या कामातल्या माणसाला लगेच पटण्यासारखे आहे. अमेरिकेत प्रोपेनच्या छोट्या टाक्या लोक गाडीत टाकून नेतात आणि भरून आणतात. तिथेही प्रश्न हाच होता, टाकी गरजेपेक्षा जास्त भरली जाण्याचा. त्यांनी ४ ते ४० पौंड, म्हणजे साधारण २ ते १८ किलो प्रोपेन मावणाऱ्या टाक्यांच्या व्हॉल्व्हला आतून एक तरंगता गोळा जोडला. द्रव ८० टक्क्यांपर्यंत चढला की गोळा वर येतो आणि भरणे बंद पडते. आपल्या छतावरच्या पाण्याच्या टाकीतला फ्लोट, तसाच. व्हॉल्व्हची मूठ तीन कोनांची ठेवली, म्हणजे अंधारातही हाताला कळावे. आणि मग नियम केला की १ एप्रिल २००२ पासून, थोडे अपवाद सोडले तर, असा व्हॉल्व्ह नसलेली टाकी भरायचीच नाही. टाकी कितीही नवी दिसो, भरणाऱ्याने ती परत करायची. मला त्यातले यंत्र आवडले, पण त्याहून जास्त आवडला तो नकार. गिऱ्हाइकाला काही समजो न समजो, भरणारा माणूस हाताने मूठ चाचपून "ही चालणार नाही" म्हणतो. आपल्याकडे नकार देणारा माणूसच नाही, कारण आपला भरणारा स्वतःच लपून बसलेला आहे. म्हणून आपल्याकडे नकार दुकानातच मिळायला हवा, बाटली विकत घेताना.

तिसरी तक्रार तेल कंपन्यांकडे आहे आणि ती मी थोडी सविस्तर मांडतो, कारण "लोक बेकायदा बाटली घेतातच कशाला?" हा प्रश्न मला प्रत्येक टेबलावर विचारला गेला.

घेतात, कारण दुसरे मिळत नाही. पाच किलोचा, पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसते ओळखपत्र दाखवून मिळणारा सिलिंडर ऑक्टोबर २०१३ मध्ये आला. विद्यार्थी, मजूर, बदलीवर आलेले लोक यांच्यासाठीच तो होता. योजना चांगली, तिचे मी स्वागतच केले होते. प्रमाणित सिलिंडर, प्रमाणित व्हॉल्व्ह, प्लांटमध्ये वजन करून भरलेला. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. गेल्या महिन्यात मी स्वतः सहा ठिकाणी जाऊन विचारले. दोन ठिकाणी मिळाला. एका ठिकाणी "आधी नोंदणी करा, आला की कळवू" म्हणाले. एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलाला असा सिलिंडर असतो हेच ठाऊक नव्हते. उरलेल्या दोन ठिकाणी "आम्ही ठेवत नाही" एवढेच उत्तर. सहाही ठिकाणे संध्याकाळी सहाच्या आत बंद. साईटवरचा मजूर सात वाजता सुटतो. आतल्या खोलीचे दुकान मात्र रात्री साडेदहापर्यंत उघडे असते आणि तिथे अर्धा किलो मागितला तरी मिळतो.

यात गरिबाची बचत होते असेही समजू नका. घरगुती टाकीतला गॅस आमच्याकडे किलोला साठ रुपयांच्या आसपास पडतो. तोच गॅस आतल्या खोलीत किलोला शंभर-सव्वाशेला जातो, आणि वजनाचा भरवसा नाही. ज्याच्या नावावर टाकी आहे त्याला स्वस्त आणि सुरक्षित गॅस, ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला महाग आणि जीवघेणा. हाता-तोंडाची गाठ घालणाऱ्या माणसाकडून आपण दुप्पट पैसे घेतो आणि वर जीवही टांगणीला लावतो.

चौथी गोष्ट लहान वाटेल, पण मला ती फार लागते. गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, रात्रंदिवस चालतो. माझ्या भाच्याने तो फिरवला नाही. का, असे मी त्याला इस्पितळात विचारले. तो म्हणाला, "बाटली बेकायदा आहे ना मामा. घरमालकाला कळले असते, खोली गेली असती." वीस-बावीस वर्षांची मुले गॅसचा वास येत असताना मदत मागायला घाबरतात, कारण आपणच गुन्हेगार ठरू अशी त्यांना भीती आहे. हीच मुले उद्या अधिकारी होऊन तुमच्या खुर्च्यांवर बसायला निघालेली आहेत.

आणि भरपाईचे म्हणाल तर तीही नाही. अधिकृत ग्राहकाच्या घरी गॅसमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांच्या विम्यातून मदत मिळते, मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये, उपचारांसाठी वेगळी रक्कम. ही तरतूद योग्य आहे. पण बिनखुणेच्या बाटलीने भाजलेल्याला तिच्यातला रुपया मिळत नाही. माझ्या अक्काने बांगड्या मोडल्या.

आता मागण्या. मला जमेल तितक्या स्पष्ट लिहितो.

बिनखुणेच्या बाटलीची विक्री बंद करा. नुसते परिपत्रक नको. भांड्यांच्या बाजारात, आठवडी बाजारात आणि मोबाइलवरून घरपोच माल विकणाऱ्यांकडे, सगळीकडे. जिच्यावर रिकामे वजन, पाण्याचे माप, चाचणीची तारीख आणि मानकाची खूण कोरलेली नाही ती बाटली रिकामी असली तरी विकणे हाच गुन्हा धरा. आज "आम्ही रिकामी विकतो, गॅसशी आमचा संबंध नाही" हे दुकानदाराचे तयार उत्तर असते. ते उत्तर त्याच्या हातातून काढून घ्या. ती बनते कुठे तेही शोधा. एवढे लोखंड कोणत्यातरी कारखान्यातच वळवले आणि जोडले जाते.

यासाठी एकच कार्यालय जबाबदार धरा आणि ते कोणते हे जाहीर करा. नागरिकाने बाटली दाखवली की "आमचा विषय नाही" असे जिथे कोणी म्हणणार नाही, असे एक टेबल प्रत्येक जिल्ह्यात हवे.

जुन्या बाटल्या जमा करायला मुदत द्या, सहा महिन्यांची तरी. बाटली आणून द्या, नाव विचारणार नाही, गुन्हा दाखल होणार नाही, आणि बदल्यात पाच किलोच्या प्रमाणित सिलिंडरच्या अनामतीत सूट मिळेल, असे जाहीर करा. ही सवलत नसेल तर लोक बाटल्या आणणार नाहीत, भंगारात घालतील. तळाशी राहिलेल्या गॅससकट बाटली भंगारवाल्याच्या कटरखाली गेली की काय होते ते मी पाहिले आहे. म्हणून जमा झालेली प्रत्येक बाटली जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली रिकामी होऊ द्या, व्हॉल्व्ह काढून, भोक पाडून मगच लोखंडात जाऊ द्या.

पाच किलोचा सिलिंडर प्रत्येक एजन्सीत ठेवणे बंधनकारक करा. किती शिल्लक आहेत हे दारावरच्या फळ्यावर रोज लिहा. मजुरांच्या वस्त्यांजवळ आणि विद्यार्थ्यांच्या भागांत संध्याकाळी नऊपर्यंत बदलून मिळेल अशी व्यवस्था करा. अनामत एकरकमी न घेता दोन-तीन हप्त्यांत घ्या. अनामतीचे एकरकमी पैसे काढणे जमत नाही म्हणूनच माणूस बाटलीकडे वळतो, हे मी दारोदार फिरून पाहिले आहे.

हातातून नेता येतील अशा सगळ्या छोट्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये, भरण्याची हद्द गाठली की आपोआप बंद होणारी रचना आणि जादा दाब सोडणारी झडप बसवण्याचा विचार तज्ज्ञांची समिती नेमून करा. प्लांटमध्ये वजनावर भरतात, त्यामुळे तिथे चूक क्वचित होते हे मला मान्य आहे. पण सिलिंडर प्लांटबाहेर पडल्यावर कोणाच्या हाती पडेल ते तुमच्या हातात नाही. आतून थांबवणारा गोळा असेल तर उलट्या टाकीखाली ठेवूनही ती बाटली काठोकाठ भरता येणार नाही. खर्च किती वाढेल, आपल्या उन्हाळ्यात आणि आपल्या गॅसच्या मिश्रणाला ते कसे टिकेल, हे तपासा, आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवा. नाही म्हणायचे असेल तर कारणांसह म्हणा, मी ते वाचेन.

१९०६ वर फोन करणाऱ्याला बाटलीबद्दल, भाडेकराराबद्दल काहीही विचारले जाणार नाही, आधी माणसे बाहेर काढली जातील, असे स्पष्ट जाहीर करा. वसतिगृहांत, अभ्यासिकांत, साईटच्या फाटकावर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा. त्याखाली चार ओळी पुरेत: वास आला तर बटण दाबू नका, काडी ओढू नका, खोली सोडून बाहेर पडा, मग फोन करा. या चार ओळी त्या जिन्यात लावलेल्या असत्या तर पंख्याचे बटण दाबले गेले नसते.

आणि एक विनंती अधिकृत वितरकांना. टाकी दारात देताना सील ओढून, व्हॉल्व्हमधली रबरी रिंग जागेवर आहे का ते बघून, गळती तपासून द्यायची असते. कड्याखालच्या पट्टीवर पुढची चाचणी कधी करायची ते लिहिलेले असते, "बी-२७" म्हणजे एप्रिल ते जून २०२७. ही खूण गिऱ्हाइकाला दाखवायला अर्धे मिनिट लागते. माझ्या २२ वर्षांत ती दाखवणारी माणसे मी हाताच्या बोटांवर मोजू शकेन. ज्याने आयुष्यात एकदा तरी ही खूण पाहिली आहे तोच बिनखुणेची बाटली ओळखू शकेल.

भाचा आता गावी आहे. उजव्या हाताची दोन बोटे पूर्ण वळत नाहीत. रोज सकाळी चेंडू दाबण्याचा व्यायाम करतो आणि दुपारी लिहिण्याचा सराव. पुढच्या वर्षी परीक्षेला बसणार आहे.

मी विकत आणलेली बाटली, सुटा केलेला व्हॉल्व्ह, तो फुगणारा वॉशर आणि दुकानाची पावती माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. तुम्ही सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या कार्यालयात मी ते सगळे घेऊन येतो आणि टेबलावर मांडून दाखवतो. कामाचा एक दिवस बुडाला तरी चालेल.

कळावे,

आपला,
एक शेगडी दुरुस्ती करणारा कारागीर, पुणे